केडगावातला एक मंगळवार

पहाट व्हायची आहे. गाडीनं तुम्हाला केडगावात उतरवलं आणि धूर सोडत ती दौंडाच्या दिशेनं निघूनही गेली. डोळ्यांत कोळशाची कुसळं गेली आहेत, चोळू नका. साल 1907. आजच्या दिवसापुरतं तुमच्या अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं आहे. तुम्ही पुरुष असलात तरी इलाज नाही, कारण आपण निघालोय तिथे सगळा कारभार बायकांचा आहे. पायांत काहीच नाही. माळावरची खडी टोचते. दिवसा हीच माती पोळवणार आहे, आत्ता मात्र ती गार लागते. पदर खोचा आणि चला.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन दिसायच्या आधी ऐकू येतं. भिंतीपलीकडून घरघर येतेय, एका जात्याची नव्हे, ओळीनं मांडलेल्या कितीतरी जात्यांची. आत शिरलात की पिठाची धूळ थेट नाकात जाते. एका जात्यापाशी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी बसलीय. ती खुंट्यावरचा हात जरा वर सरकवते आणि तुम्हाला जागा करून देते. बसा. पहिल्या काही फेऱ्या मजेत जातात. मग खांदा भरून येतो, तळहात जळायला लागतो, घामावर पीठ बसून मानेला खाज सुटते. समोरची मात्र गातेय. चाल तुमच्या आजीच्या ओवीचीच, नाव येशूचं. मराठीत तिचा गुजराती हेल अजून शिल्लक आहे. गुजरातच्या दुष्काळात रमाबाईंच्या माणसांनी ज्या पोरींना उचलून इथे आणलं, त्यांतली ही एक. तेव्हा तिच्या अंगावर हाडं आणि कातडी एवढंच होतं.

तुम्ही थोडं भरभर, जाडसर दळायला लागता. ती लगेच खुंटा थांबवते.

“ताई, बारीक दळा. काल नव्या पोरी आल्यात, त्यांच्या पोटाला जाड सोसत नाही.”

आणि पुन्हा गायला लागते.

स्वयंपाकघरात फार वेळ थांबवत नाही. गोवऱ्यांच्या धुरानं डोळ्यांना धारा लागतात, चुलींची धग पोटऱ्यांना चटके देते. भाकरीमागून भाकरी थापली जातेय, आमटीच्या हंड्यात डाव नव्हे, वल्हंच वाटावं असलं काहीतरी फिरतंय. मटण-मासळीचा वास शोधू नका, रमाबाई शाकाहारी आहेत. दुष्काळाच्या दिवसांत इथे दोन हजारांच्या आसपास तोंडं होती, आजही पंगत मोजायला गेलात तर मधेच चुकाल. कुणीतरी तुमच्या हातात राखेनं माखलेली भांडी देतं. पाहुणी म्हणून सूट नाही.

विहिरीकडे निघा. मोटेचं चाक करकरतंय, बैलांच्या अंगाचा उग्र वास येतोय, पाणी थारोळ्यात आपटलं की गार शिंतोडे तोंडावर उडतात आणि क्षणभर सगळं सोसल्याचं सार्थक होतं. हा माळ होता. बाईंनी जमीन घेतली, विहिरी खोदवल्या, झाडं लावली. आता इथे भाजीचे वाफे आहेत, गोठा आहे, माग आहेत, तेलाचा घाणा आहे. ज्यांना कुणी घरात घ्यायला तयार नव्हतं, त्या बायका हे चालवतात.

सगळं गोड आहे असं समजू नका. पाटावर दोघी जणी घागरीवरून कडाडून भांडताहेत. आजाऱ्यांच्या खोलीतून जाताना फिनेलच्या उग्र वासाखाली दुसरा एक आंबूस वास येतो, तो नव्या मुलींच्या जखमांचा. दुष्काळातून आणलेल्या सगळ्याच जगल्या नाहीत. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलीय, कुणी जवळ आलं की अंग चोरते. तिच्या उशाशी बसून तिला पेज भरवणारी, तीही एके काळी अशीच भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. ती घाई करत नाही. चमचा धरून वाट बघते. इथला आनंद ओळखायचा असेल तर या दोघींपाशी थोडं थांबा. दुःख संपल्यावर येणारा आनंद सगळ्यांनाच कळतो. इथे दुःख संपलेलं नाही, आणि तरीही चमचा धरलेल्या मुलीचा चेहरा शांत आहे.

छापखान्यात वेगळाच वास. शाई, शिसं, रॉकेल. मुली खणांच्या पेट्यांसमोर उभ्या राहून खिळे जुळवताहेत. तुम्हीही एक ओळ जुळवून बघा. अक्षरं उलटी, वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरांना अंत नाही, बोटं काळी होतात आणि ओळ हातातून सुटून खाली विखुरते. शेजारची हसते आणि वाकून खिळे वेचू लागते. लहानपणी तिच्या हातात पाटीसुद्धा कुणी दिली नव्हती. पलीकडच्या इमारतीत अंध मुली उठावाच्या ठिपक्यांवर बोटं फिरवत वाचताहेत. त्यांना ब्रेल शिकवण्याची खटपट बाईंच्या लेकीची, मनोरमाबाईंची.

आता बाईंकडे. जरा मोठ्यानं बोला, त्यांना ऐकू कमी येतं. विलायतेत गेल्यावर डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं, ते या कानांमुळे राहिलं. बाई ठेंगण्या आहेत, केस आखूड कापलेले, डोळे घारे, अंगावर तुमच्यासारखंच पांढरं लुगडं. टेबलावर हिब्रू आणि ग्रीक ग्रंथ उघडे आहेत. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा साध्या मराठीत त्यांना सगळं बायबल आणायचं आहे. भागवताचे हजारो श्लोक ज्यांना मुखोद्गत, कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्या आता जात्यावरच्या पोरीला कळणारा शब्द शोधत बसल्या आहेत.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना मागचं आयुष्य आठवा. आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी तुडवलेलं. उपास, स्नानं, प्रदक्षिणा. मग दुष्काळात वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा पटकीनं गेला, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तिथे सगळं मिटलं असेल असं आपल्याला वाटतं. बाई स्वतः तसं म्हणत नाहीत. आपल्या साक्षीत त्या फार प्रामाणिकपणे सांगतात, की पुढची कित्येक वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ताचा धर्म होता, ख्रिस्त नव्हता. बुद्धीला पटलं होतं, मन मात्र तहानलेलंच होतं. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याची आत्मकथा वाचताना त्यांना हे लख्ख दिसलं. देवाची प्रीती मिळवण्यासाठी आधी लायक व्हावं लागत नाही, ती आधीच दिलेली आहे, आपण फक्त घ्यायची, हे त्यांना उमगलं आणि तेव्हापासून मनात आनंद राहायला आला.

मला हीच गोष्ट या सबंध जागेची किल्ली वाटते. कमवावी न लागणारी माया ज्या बाईला मिळाली, तिनं ती विधवांना, उपाशी पोरींना, फसवल्या गेलेल्या बायकांना वाटली. विहिरी, माग, हे सगळं त्यानंतरचं.

संध्याकाळ. घंटा होते. मुक्तीच्या भल्याथोरल्या उपासना मंदिरात शिरा. बाक नाहीत, जमिनीवरच मांडी घाला. चहूकडून पांढरी लुगडी, तेल लावलेल्या केसांचा, घामाचा आणि दिवसभराच्या धुराचा वास. शेकडो गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागलेले. भजन सुरू होतं, टाळ्यांचा ठेका पायांखालच्या फरशीतून वर चढतो. मग प्रार्थना, आणि ती एकेकीची नव्हे, सगळ्यांची एकदम, मोठ्यानं. दोन वर्षांपूर्वी इथे आध्यात्मिक जागृती झाली तेव्हापासून हे असंच. पत्र्यावर वळीव कोसळावा तसा तो आवाज अंगावर येतो. मराठी, गुजराती, हिंदी, सगळं एकात एक. कुणी रडतंय, कुणी हसतंय. घाबरू नका, उठून जाऊ नका. तुमच्या उजव्या हाताला सकाळची ती गुजराती मुलगी आहे. कान देऊन ऐकलंत तर कळेल, ती स्वतःसाठी काही मागत नाहीये. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोरीचं नाव घेतेय. मग पाटावर घागरीवरून जिच्याशी भांडली तिचं. मग तुमचं.

बाहेर आल्यावर वारा गार लागतो. उद्या बुधवार. पुन्हा जातं, पुन्हा चूल, पुन्हा उलटे खिळे.

बाईंचं बायबल पुरं व्हायला अजून पंधरा वर्षं जायची आहेत. त्याआधी मनोरमाबाई जातील. 5 एप्रिल 1922 ला, भाषांतर हातावेगळं होत असतानाच, बाईही जातील, आणि मुक्तीच्या छापखान्यातून ग्रंथ बाहेर पडेल तो त्यांच्या मागे. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. बाईंनी लिहिलेली ‘साक्ष’ छोटीशी आहे, एका बैठकीत होते. तुमचा धर्म कुठलाही असो, मिळवून ती एकदा वाचा.