पाणी मुरते किती? पूर्णाकाठची काळी माती आणि एका मोजमापाचा इतिहास

१/ पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांमुळे १९६०च्या दशकानंतर वसमत परिसरात कालव्याचे पाणी पोहोचले. सिंचन म्हणजे समृद्धी, हे समीकरण मात्र अपुरे आहे. माती किती पाणी मुरवते, हे न मोजता सोडलेले पाणी शेतच नासवते. महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी, नीरेकाठी घेतला होता.

२/ नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. उसाला पाण्याचा सुकाळ झाला. पण काही दशकांतच भूजल वर चढले, क्षार पृष्ठभागी साचले आणि सुपीक रानांचे चिबड व खारवट पट्टे झाले.

३/ दुखणे समजण्याची किल्ली फ्रान्समध्ये तयार होती. १८५६ मध्ये अभियंता आंरी दार्सी याने दीजों शहरातील प्रयोग प्रसिद्ध केले. वाळूच्या थराच्या दोन टोकांतील जलपातळीचा फरक दुप्पट केला, की प्रवाह दुप्पट होतो. थराची जाडी दुप्पट केली, की निम्मा.

४/ १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या अभ्यासासाठी विशेष विभाग स्थापला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था ही त्याचीच वारसदार. क्लॉड इंग्लिस यांनी येथे दख्खनच्या बिघडलेल्या जमिनींचा अभ्यास केला.

५/ काळी माती फसवी असते. कोरडी असताना भेगांतून पाणी झरझर गिळते. भिजून फुगली, की भेगा मिटतात आणि वेग मंदावतो. खालचा मुरूम मात्र पाणी सहज वाहून नेतो. म्हणून निचऱ्याचा चर मुरमापर्यंत पोहोचला, तर अधिक उपयोगी.

६/ शेतात हे मोजायला दोन लोखंडी कडी पुरतात. एकात एक रोवायची, पाणी भरायचे आणि आतल्या कड्यातील पातळी तासाला किती उतरते ते पाहायचे. चिकणमातीत साधारण १ ते ५ मिलिमीटर, वाळूत ३०हून अधिक. वेग ५ असेल, तर ६० मिलिमीटर पाणी मुरायला १२ तास लागतील.

७/ याच आकड्यावर उलट निर्णयही ठरतात. पाझर तलावाला पाणी झिरपणारा तळ हवा. शेततळ्याला न झिरपणारा, म्हणून तिथे प्लॅस्टिकचे अस्तर.

८/ वसमतच्या हळदीला तर हा प्रश्न जिव्हाळ्याचा: पाणी साचले, की कंद कुजतो. आपल्या शेतकऱ्याने मातीतील पाणी व हवेच्या समतोलाला ‘वाफसा’ हे नाव केव्हाच दिले होते. विज्ञानाने त्या जाणिवेला आकडा दिला.