वाट राखणे हीही वारीच



दिग्रसहून पंढरी पायी चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. अरुणावतीकाठचा वारकरी पुसदच्या बाजूने निघाला की आधी पैनगंगा, मग मराठवाड्यात गोदावरी आणि शेवटी चंद्रभागा. पैनगंगेपलीकडच्या हिंगोली जिल्ह्यात नामदेवरायांचे नरसी आहे, औंढा नागनाथ आहे. एवढी लांबची वाट इतकी शतके कोणी राखली, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

वारी ज्ञानोबामाउलींच्याही आधीची. पालखीचा सोहळा मात्र नंतरचा. तुकोबारायांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनी 1685 साली दोन्ही संतांच्या पादुका पालखीत घेऊन तो सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला आणि दिंड्यांचा क्रम, मुक्काम, भजनाची वेळ यांना शिस्त लावली. या शिस्तीचा फायदा गावांनाही झाला. पालखी कोणत्या दिवशी येणार हे ठरलेले असले म्हणजे गाव विहीर उपसून ठेवते, पीठ दळून ठेवते, देवळाचा मांडव झाडून ठेवते. वाट अशी राखली गेली. तिच्यावर ना पाटी होती, ना पहारा.

पण वाट दूषितही होते. एकोणिसाव्या शतकात पटकीची साथ यात्रेबरोबर गावोगाव जाई. परतणारा वारकरी प्रसादाबरोबर मरणही घरी नेई. तेव्हा इंग्रज सरकारने पंढरपुरात निर्बंध घातले, कर बसवले. नियम वरून आले, पण हाती झाडू घ्यायला माणूस लागतो. तो आपल्या वऱ्हाडातूनच निघाला. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा बांधवल्या. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. वाटसरूला निवारा आणि वाटेला स्वच्छता, या दोन सेवा बाबांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

1906 साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोहोचली. पुढे एसटी आली. तरी पायी चालणे थांबले नाही. कारण वारीत पंढरी जितकी महत्त्वाची, तितकीच वाटही.

आता वाट पाहायलाही लोक येतात. दिवे घाटात एक दिवस चालणारे, छायाचित्रे काढणारे, परदेशातून आलेले. त्यांना आपण परके का मानावे? स्पेनमध्ये सांतियागोची पायवाट जवळजवळ ओस पडली होती. एलियास वालिन्या नावाच्या एका खेड्यातल्या धर्मगुरूने 1984 च्या सुमारास रंगाचा डबा घेऊन तिच्यावर पिवळे बाण काढायला सुरुवात केली. 1993 साली ती जागतिक वारसा ठरली. आज तिथे भाविक आणि हौशी पदयात्री एकाच वाटेने चालतात आणि वाटेवरची खेडी त्यांच्यावर पोट भरतात. पाहुणा वाट जगवू शकतो. अट एकच, त्याने यजमानाच्या घरासारखे तिथे वागावे.

आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी 2021 साली झाली. त्यात पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा आखला आहे. विदर्भाची गोष्ट निराळी. शेगावची गजानन महाराजांची पालखी असो, कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची असो, की चार-दोन गावांची छोटी दिंडी असो, आपल्याकडे अजून गावाचा ओटाच मुक्काम आणि गावाची विहीरच पाणपोई. म्हणून आपली जबाबदारी मोठी. दिंडी पुढे गेल्यावर शाळेच्या पटांगणात प्लास्टिकचे पेले आणि थर्माकोलच्या ताटल्या उरल्या, विहिरीजवळ घाण उरली, तर पुढच्या वर्षी त्या गावाचे दार अर्धेच उघडेल. दहा गावांची दारे अशी मिटली की वाट मोडली. तिला मोडायला बुलडोझर लागत नाही.

तेव्हा यंदा निघताना पडशीत तांब्या आणि ताटली घ्या. पळस आपल्या यवतमाळच्या रानात भरपूर आहे. अन्नदान करणार असाल तर त्याच्या पत्रावळी लावा, गुरेही त्या खातील. मुक्काम हलवण्यापूर्वी दिंडीतल्या दोघांनी मागे थांबून जागा झाडावी. सोबत नवखा पाहुणा असेल तर फोटो काढण्याआधी समोरच्या माउलीला विचारायला त्याला शिकवा. जिथे पाणी प्यालात तिथल्या घरधन्याचे नाव विचारून घ्या आणि पुढच्या वर्षी त्याला नावाने हाक मारा.

चोपदाराचा दंड वर गेला की दिंडी शांत होते. तशीच आपली सवय झाली पाहिजे, की दिंडी उठली म्हणजे मागे रांगोळीशिवाय काही उरत नाही. गाडगेबाबांच्या झाडूचा वारसा विदर्भाचा आहे. तो पंढरीच्या वाटेवर आपणच न्यायचा.