गाजरगवताची खाज आणि आईची मान



पावसानं उघडीप दिली की बांधावर पांढरी फुलं डोलायला लागतात, आणि त्याच आठवड्यात खुरपणीला आलेल्यांपैकी कुणीतरी मान खाजवत येतं. परवा आमच्याकडं एक मावशी आल्या. म्हणाल्या, "दादा, उष्णता झालीया बघा." पापण्या सुजलेल्या, मानेच्या घडीत आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ. मी विचारलं, काल कुठल्या पट्टीत होता? तर खालच्या बांधाला, गाजरगवत उपटायला. हातात मोजे नाहीत, काही नाही.

ही उष्णता नव्हे, ही त्या गवताची ॲलर्जी. आणि हे आपल्याला कळायलाच किती वर्षं लागली, त्याची गोष्ट आज सांगतो.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोकडचं. पानं गाजरासारखी म्हणून गाजरगवत, कुणी काँग्रेस गवत म्हणतं. आमचे आजोबा छातीठोक सांगायचे की हे 72 च्या दुष्काळात मिलोबरोबर आलं. तसं नाही. पुण्यात ते 1955 सालीच दिसलं होतं आणि 1956 साली आर. एस. राव या वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याची भारतातली नोंद छापली. ज्या पीएल-480 च्या गव्हावर सगळा ठपका येतो, तो करार अमेरिकेबरोबर झाला 1956 च्या ऑगस्टमध्ये. अमेरिकेचं धान्य मात्र 1951 च्या टंचाईतही कर्जावर आलं होतं, त्यामुळं धान्यातून बी आलं हे अगदीच खोटं म्हणता येत नाही. त्यात आणखी एक गंमत, कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांच्या 1814 च्या यादीतही या झाडाचं नाव आहे. म्हणजे ओळख जुनी, पण फैलाव पुण्यानंतरचा. एका झाडाला हजारो बी, वारा, ओढ्याचं पाणी, ट्रकची चाकं, खताची गाडी. आणखी काय पाहिजे?

गवत पसरलं आणि मागोमाग खाज आली. पण तेव्हा दोन्हीचा संबंध कुणी जोडला नव्हता. पुरळ दिसायचं ते उघड्या अंगावर, तोंडावर, मानेवर, हातांवर. मग बघणाऱ्याला वाटायचं, उन्हानं झालं. खरी खूण वेगळीच होती. वरच्या पापणीवर, कानामागं, हनुवटीखाली ऊन फारसं पोचत नाही, पण धूळ पोचते. वाळलेल्या गवताचा भुगा, बारीक लव, हवेत उडालेले कण, सगळं तिथं जाऊन बसतं. 1968 साली लोणकर आणि जोग या डॉक्टरांनी या गवतामुळं झालेल्या त्वचारोगाची नोंद छापली. पुढं 1974 साली लोणकरांनी परदेशी त्वचातज्ज्ञांबरोबर त्यावर मोठा लेख लिहिला. झाडातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळं हे होतं, हेही कळलं.

यात एक गोष्ट आपण शेतकऱ्यांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. "इतकी वर्षं उपटतोय, काही झालं नाही" हे म्हणणं खरं असतं, पण त्याचा उपयोग नसतो. ही ॲलर्जी हळूहळू तयार होते. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एका हंगामात अंग अचानक बिथरतं. एकदा बिथरलं की मग थोडा भुगाही पुरतो. शिवाय पुरळ लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं, म्हणून दोष कालच्या जेवणातल्या वांग्यावर जातो. अशा माणसाला शेवंतीनंही त्रास होऊ शकतो, दोन्ही एकाच कुळातली. शेवंतीवाले, लक्ष असू द्या.

आमच्या आईला हे पंचवीसेक वर्षांमागं झालं. घरात सगळे वैद्य! एकीनं लिंबू चोळलं, दुसरीनं कडुलिंबाचा पाला वाटून बांधला, चुलत्यांनी चुना सुचवला. आधीच सोललेली कातडी, त्यावर लिंबू आणि चुना. बिचारी रात्रभर बसून होती. मग दुकानातून कुठलीशी ट्यूब आणली. चार दिवसांत मान साफ! ट्यूब थांबवली आणि पहिल्यापेक्षा दुप्पट उठलं. त्यात स्टेरॉइड होतं, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. स्टेरॉइड वाईट नाही, डॉक्टरही देतात, पण किती दिवस आणि कुठं लावायचं हे त्यांनी ठरवायचं. तोंडावर, पापणीवर तर आपल्या मनानं नकोच.

घरी करण्यासारखं साधंच आहे. शेतातून आल्या आल्या साध्या साबणानं आणि भरपूर पाण्यानं हात, तोंड, मान धुवा. कपडे वेगळे काढून धुवायला टाका, त्याच लुगड्यात स्वयंपाक नको. खाजेवर गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. कोरड्या पुरळावर गुलाबी कॅलामाईन चालतं. ते सुकल्यावर कातडी तडतडायला लागली तर थोडं खोबरेल. नखं कापा. पापण्या सुजल्या, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. दम लागला तर एक मिनिटही थांबू नका.

पण गवत उभं असेल तर फडकं किती दिवस ठेवणार? 1983 साली मेक्सिकोहून झायगोग्रामा भुंगा बंगळूरला आणला, पुढच्या वर्षी शेतात सोडला. तो पानं चांगली फस्त करतो, पण पावसाळा सरला की जमिनीत जाऊन बसतो. पडीक जागेत तरोटा वाढू दिला तर तोही गाजरगवताला दाबतो. उपटायचं तर फुलं यायच्या आधी, ओल असताना, मोजे आणि पूर्ण बाह्या घालून, तोंडाला फडकं बांधून. वाळलेलं पेटवू नका, धूर अंगावर येतो.

मावशींना कालपासून गोठ्याकडच्या कामाला घेतलंय, हजेरी तीच. पापण्यांची सूज उतरलीय, मान अजून लाल आहे. खालच्या बांधाचं उरलेलं गवत मी आणि धाकटा उद्या सकाळी काढतोय. मोज्यांचे सहा जोड आणलेत.