धोक्याच्या कारखान्यांची तपासणी : काय असते आणि गावाने काय करावे

आपल्या गावातली पोरं एमआयडीसीत, डिस्टिलरीत, तेलगिरणीत कामाला जातात. तिथली सुरक्षा कोण तपासतं, हे मात्र घरच्यांना बहुतेक माहीत नसतं.

तपासणी कोण करतं?
महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं, म्हणजे बोलीभाषेत 'फॅक्टरी इन्स्पेक्टर'चं. कामगार ठेकेदाराचा असला तरी कारखान्यात तो सुरक्षित राहावा, याची जबाबदारी कारखानदारावर असते.

धोक्याचे उद्योग कोणते?
डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडमधून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायदा बदलला आणि धोकादायक उद्योगांचे २९ गट ठरवले. त्यात रसायनं, कीटकनाशकं, खतं, औषधं, सिमेंट, फाउंड्री, डिस्टिलरी आणि बियांपासून तेल काढणंही आहे. नव्या २०२० च्या संहितेतही अशी यादी आहे.

काय बघतात?
सगळे कारखाने सारख्याच वेळा तपासणं शक्य नसतं. म्हणून जिथे स्फोट, आग, गळतीचा धोका जास्त, तिथे आधी जायचं, असा हा मार्ग. रिअ‍ॅक्टर, बॉयलर, वायूच्या टाक्या, बाहेर पडायची वाट, कामगारांना दिलेलं प्रशिक्षण आणि त्यांची वैद्यकीय तपासणी बघतात. जिवाला लगेच धोका दिसला तर यंत्र किंवा विभाग बंद ठेवण्याचा आदेश देता येतो.

कामगाराचा हक्क
आपण कोणतं रसायन हाताळतो आणि त्याने काय होतं, हे सांगणं मालकाला बंधनकारक आहे. जिवाला धोका वाटला तर कामगार तो मालकाला किंवा सुरक्षा समितीला सांगून त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवू शकतो.

गावाचा हक्क
१९८९ च्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका काय आणि अपघात झाला तर काय करायचं, काय टाळायचं, हे सांगायला हवं. जिल्हा पातळीवर कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडाही असतो.

ग्रामसभेत एवढंच विचारा : आपल्या गावाला ही माहिती दिली का? नसेल तर ठराव करून जिल्हाधिकारी आणि संचालनालयाला पाठवा. उग्र वास, वारंवार लागणारी आग, कुलूप लावलेलं मागचं दार दिसलं तर तारीख-वेळ लिहून कळवा. इन्स्पेक्टरने कुठे आधी जायचं, हे ठरायला अशी नोंद उपयोगी पडते.