धार गेलेली हत्यारं

डिचोलीच्या बाजारात समई घ्यायला गेलं की विचारतात, ‘मोड आहे का?’ चेपलेलं पितळ वजनावर द्यायचं आणि नवी समई घरी आणायची. जुन्यातून नवं घडवणं इथल्या कासारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्याचं जगाला केवढं नवल! फरक एवढाच, की कासाराच्या भट्टीत जुना आकार विरघळतो. शिल्पात तो शिल्लक राहतो. सीट सीटच दिसते आणि बैलही दिसतो.

म्हणूनच जुन्या हत्यारांची शिल्पं मला इतिहासाची गोष्ट वाटते. पेडणे, डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. राज्यं बदलली, पण नांगराचा फाळ, सुताराचा वाकस, रेंदेराची काती तीच राहिली. ती हातातून सुटली खाणी आणि यंत्रं आल्यावर. आता ती भंगाराच्या काट्यावर चढतात.

आपण जैन बायका हत्याराला जरा बिचकतोच. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात कुऱ्हाड, तलवार, कुदळ, विस्तव विनाकारण दुसऱ्याला देणं हे हिंसादान म्हटलंय. पण भगवान ऋषभदेवांनी शिकवलेल्या सहा कर्मांत असि आणि कृषीबरोबर शिल्पही आहे. डिचोली तालुक्यात कुडण्याला गुजीर देऊळ आहे, जुनी जैन बस्ती, जांभ्या चिऱ्यांची. बस्ती म्हटलं की बांधवणारा राजा आठवतो. चिरे तासणाऱ्याचं हत्यार कुणाला आठवतं? लोखंड तेच, हिंसा की पूजा, हे हातावर ठरतं. कोयता शिल्पात जडला की त्याची धार कायमची मिटते. मला तर ते त्या हत्याराचं व्रत घेणंच वाटतं.

तरी एक खटकतं. आमच्याकडे आजेसासूबाईंची आडाळी होती. पातं झिजून चंद्रकोर झालेलं. धाकट्या दिरांनी हौसेनं त्याचा मोर करवला. मोर सुंदर आहे, पण पाहुणे विचारतात तेव्हा ‘जुनं लोखंड’ एवढंच सांगतात. साठ वर्षं त्यावर बसून घराला जेवू घालणारी बाई त्यात कुठंच नाही. सुताराच्या हत्याराला निदान कारागिरी म्हणतात. आडाळीला तेही नाही.

बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’ संग्रहालयात ४,००० वर जुन्या वस्तू जमवल्यात. तिथं नांगर हा नांगर म्हणूनच उभा आहे. सगळंच संग्रहालयात मावणार नाही, हे खरं. म्हणून एवढंच सांगते: शिल्प जरूर करा, पण वेल्डिंगला देण्याआधी एक फोटो काढा आणि मागं लिहा. हत्याराचं गावातलं नाव, त्याचं काम आणि ते कुणाच्या हातातलं.

मी मोराच्या पायाशी पितळी पट्टी लावून घेतली. त्यावर आजेसासूबाईंचं नाव आहे, आणि खाली एकच शब्द: आडाळी.