कानांचे मत : १९५२ साली गाणे कोणी ठरवायचे होते?

मराठीत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. निवडणुकीत आपण देतो ते मत, आणि एखाद्या गोष्टीविषयी आपल्याला जे वाटते तेही मत. राज्यघटनेने पहिले मत प्रत्येक प्रौढ नागरिकाला दिले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शिक्षणाची अट नव्हती, मालमत्तेची अट नव्हती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांच्या मताचे मोल सावकाराच्या आणि जमीनदाराच्या मताइतकेच ठरले.

दुसऱ्या मताचे काय? एखादे गाणे चांगले की वाईट, हे सांगण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न त्याच १९५२ साली उभा राहिला. संगीताच्या इतिहासात तो 'केसकरांची फिल्मी गाण्यांवरची बंदी' या नावाने एक गमतीदार किस्सा म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो किस्सा वाटत नाही. ऐकणाऱ्याला मत असते की नाही, यावरचा तो झगडा होता आणि तो अजून मिटलेला नाही.

आधी घटनाक्रम पाहू. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खात्यावर राहिले. मराठी माणूस, पॅरिसला जाऊन शिकलेला, शास्त्रीय संगीताचा जाणकार. चित्रपटगीते सवंग आहेत, त्यांच्यावर पाश्चात्त्य सुरावटींची छाया आहे आणि त्यामुळे लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. आकाशवाणीवरचा चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला आणि गाण्यांची छाननी सुरू झाली. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे म्हणून नावही गाळले गेले. निर्माते चिडले आणि त्यांनी आकाशवाणीशी केलेले करार मोडले. काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळपास नाहीसे झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कलावंतांची पारख करून त्यांना श्रेणी देणारी ध्वनिचाचणीची नवी पद्धतही त्याच काळात आली.

केसकरांचे आडनाव पाहून त्यांची जात काढण्यात आम्हाला रस नाही. प्रश्न एका माणसाच्या आवडीनिवडीचा नाही, यंत्रणेच्या सवयीचा आहे. ही सवय केसकरांच्या आधीची आहे. १९४० मध्ये इंग्रजांच्या अमदानीतच आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती. भारतीय संगीतातल्या श्रुती या वाद्यात बसत नाहीत, असे कारण दिले गेले. शास्त्रदृष्ट्या त्यात तथ्य असेलही. पण पेटी हे कोणाचे वाद्य होते? तमाशाचे, भजनी मंडळाचे, कव्वालीचे आणि आमच्या जलशांचे. पुढे हे खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकांत बदनाम आहे अशा कलावंतांना आकाशवाणीची दारे बंद करण्यात आली. रोख होता तवायफ परंपरेतल्या गायिकांवर. ज्या बायकांनी ठुमरी, दादरा पिढ्यान् पिढ्या सांभाळला, त्यांच्या गळ्यापेक्षा त्यांचे चारित्र्य महत्त्वाचे ठरले. स्वतः केसकरांनी संगीताच्या ऱ्हासाचे खापर मुसलमान उस्तादांवर आणि त्यांच्या घराण्यांवर फोडले. संस्कृतशी संबंध नसलेल्या या मंडळींनी संगीत त्याच्या धार्मिक मुळापासून तोडले, अशी त्यांची मांडणी होती.

पेटी, तवायफ, उस्ताद आणि चित्रपटगीत. चारही गोष्टी एका रांगेत ठेवल्या की शुद्ध-अशुद्धाची जुनी उतरंड स्पष्ट दिसते. फक्त भाषा धर्मशास्त्राची नव्हती, अभिरुचीची होती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पिएर बुर्द्यू शिकलो. आवड ही निरागस नसते, वरचा वर्ग आपली आवड हीच उत्तम आवड म्हणून मिरवतो आणि तिच्या जोरावर इतरांना त्यांची जागा दाखवतो, असे त्यांनी फ्रान्सबद्दल लिहिले. भारतात हे कळायला फ्रेंच विद्वानाची फारशी गरज नव्हती.

आता दुसरी बाजू. तेव्हा सिलोन म्हटल्या जाणाऱ्या श्रीलंकेत दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बसवलेले ताकदवान प्रक्षेपक पडून होते. त्यांच्या जोरावर रेडिओ सिलोनने लघुलहरींवर व्यापारी सेवा सुरू केली. तिचा हिंदी कार्यक्रम भारतभर स्वच्छ ऐकू येई. आकाशवाणीने दार लावले आणि सिलोनचे दार उघडे होते. ३ डिसेंबर १९५२, बुधवार. 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक होते अमीन सयानी, वय जेमतेम वीस. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फिती कोलंबोला जायच्या. सयानींची आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिपींत निघे. लहानपणी त्या कामात मदत करता करता साध्या माणसाशी साध्या हिंदुस्थानीत कसे बोलायचे हे आपण शिकलो, असे सयानी सांगत. मंत्र्यांना जनतेचे कान सुधारायचे होते. हा मुलगा रेडिओवरून 'बहनो और भाइयो' म्हणून तिच्याशी बोलत होता.

सुरुवातीला ती एक स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती कालक्रमाने लावून पाठवायची, बक्षीस १०० रुपये. सयानींनी पुढे मुलाखतींत सांगितल्यानुसार पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि नंतर हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस गीतमाला लोकप्रियतेच्या क्रमवारीचा कार्यक्रम झाली. क्रम ठरवायला रेकॉर्डच्या विक्रीचे आकडे घेतले जात. पण पुष्कळ ठिकाणी रेकॉर्ड दुकानात पोचतच नसे. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांकडून पसंतीच्या याद्या मागवल्या जाऊ लागल्या.

हे श्रोता संघ म्हणजे नेमके काय? कुठेतरी पाच-पन्नास लोक जमतात, एक नाव घेतात, एक अध्यक्ष नेमतात, गाणी ऐकतात, त्यांवर वाद घालतात आणि आपला निर्णय पोस्टाने कळवतात. आजच्या झारखंडमधले अभ्रकाच्या खाणींचे झुमरीतलैया गाव तर फर्माइशींमुळेच देशाला ठाऊक झाले. असे गाव खरोखर आहे का, अशीही शंका लोक घेत. एरवी ज्या गावाचे नाव सरकारी दप्तराबाहेर कोणी उच्चारले नसते, ते नाव दर आठवड्याला आकाशातून ऐकू येत होते.

१९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती, हे इथे विसरता कामा नये. म्हणजे पत्र लिहिणारा एक आणि त्यामागे ऐकणारे, बोलणारे, वाद घालणारे कितीतरी. रेडिओ संच महाग होता आणि त्याला परवाना लागे. तो गावच्या पुढाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या घरी असायचा. पण आवाजाला भिंत अडवत नाही. इराणी हॉटेलात एक चहा घेऊन, चाळीच्या गॅलरीत उभे राहून, पानठेल्यापाशी रेंगाळून गाणे ऐकता येत होते. संगीत मंडळाच्या बैठकीत शिरायला ओळख लागायची, अंगावर बरे कपडे लागायचे, कुठे माना डोलवायच्या हे ठाऊक असावे लागायचे. इथे यातले काही लागत नव्हते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. हा सगळा टूथपेस्टचा धंदा होता, त्याला लोकशाही कसली म्हणता? आक्षेप रास्त आहे. बिनाका हे सीबा कंपनीचे उत्पादन होते आणि कंपनी काही श्रोत्यांच्या मताधिकारासाठी पैसे ओतत नव्हती. रेकॉर्डची विक्री मोजणे म्हणजे पैसेवाल्याची पसंती मोजणे. एकगठ्ठा पत्रे पाठवून गाणे वर चढवण्याची वाटही होतीच. बायका रात्री आठ वाजता चुलीपुढे असत. त्यांची पसंती किती पत्रांत उतरली असेल? बाजार माणसाला गिऱ्हाईक म्हणून मोजतो, नागरिक म्हणून नाही. हे सगळे आम्हाला मान्य आहे.

पण दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहा. दिल्लीत चाचणी मंडळ गाणाऱ्याला तपासत होते आणि ऐकणाऱ्याला विचारतच नव्हते. मुंबईत बसलेला कार्यक्रम पत्र पाठवणाऱ्याचे फक्त नाव आणि गाव विचारत होता. तू कोण, तुझा गुरू कोण, तुला राग कळतो का, हे प्रश्न त्या पोस्टकार्डावर नव्हते. बाजाराचा हेतू कोणताही असो, मत द्यायची सवय मात्र लोकांना लागली.

लोकांचे कान खरोखर बिघडले होते का, हेही तपासू. ज्या वर्षी बंदी आली, त्याच वर्षी 'बैजू बावरा' प्रदर्शित झाला. नौशाद यांनी त्यात उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुसकर यांना गायला बसवले आणि सामान्य माणसाने रागदारी डोक्यावर घेतली. १९५५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'ला वसंत देसाईंचे संगीत होते आणि शीर्षकगीत अमीर खाँचे. १९५६ च्या 'बसंत बहार'मध्ये पंडित भीमसेन जोशी मन्ना डे यांच्याबरोबर गायले. याउलट 'अनारकली'ची (१९५३) सी. रामचंद्रांनी बांधलेली गाणीही गीतमालेच्या श्रोत्यांनी तितकीच उचलून धरली. जे भिडले ते त्यांनी घेतले, मग ते शास्त्रीय असो की नसो. लोकांना राग नको होता असे नाही. राग शिकवण्यासाठी त्यांच्या हातातले गाणे काढून घेणारा मास्तर त्यांना नको होता.

शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. दहापैकी नऊ रेडिओ सिलोनवर लागलेले असतात आणि दहावा बिघडलेला असतो, असे तेव्हा बोलले जाई. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. तिच्या उभारणीसाठी पंडित नरेंद्र शर्मा यांना आणावे लागले आणि ते स्वतः चित्रपटगीते लिहिणारे कवी होते. १९६७ पासून विविध भारतीवर जाहिरातीही आल्या. १९८९ मध्ये तर गीतमालाच सिलोन सोडून विविध भारतीवर आली. एका मंत्र्याचे धोरण पत्र लिहिणाऱ्या माणसांनी परतवले. मोर्चा निघाला नाही, घोषणा झाल्या नाहीत. लोकांनी फक्त सुई फिरवली.

श्रोत्यांचे मत केवळ पोस्टकार्डावर थांबले नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांच्यासारख्या श्रोत्याने हिंदी चित्रपटगीतांचा कोश रचायला घेतला आणि १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० साली छापून आला. जे काम विद्यापीठांनी करायचे, ते ऐकणाऱ्याने केले. आणि आमच्या वस्त्यांतले मत वेगळ्याच वाटेने गेले. गीतमालेच्या कोणत्याही पायरीवर बाबासाहेबांचे नाव येणार नव्हते, हे उघड होते. मग आमच्या शाहिरांनी चाल घेतली आणि शब्द आपले घातले. वामनदादा कर्डकांपासून गल्लीतल्या भजनी मंडळापर्यंत किती भीमगीते चित्रपटगीतांच्या चालींवर उभी आहेत! याला नक्कल म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात. पण शेकडो गाण्यांतून नेमकी कोणती चाल आपल्या माणसाच्या ओठावर बसेल, हे ओळखणे हा संगीताचा निवाडाच आहे. दिल्लीच्या चाचणी मंडळाइतकाच तो गंभीर होता. फक्त त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

हा इतिहास आज उगाळायचे कारण आमच्याच घरात आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तरुण पोरे जे गाणे लावतात, त्यावर आमचाच शिकलेला, फ्लॅटमध्ये गेलेला वर्ग नाक मुरडतो. 'दर्जा राहिला नाही', 'आपल्या लोकांची अभिरुची सुधारली पाहिजे' ही वाक्ये आम्ही धम्म परिषदांच्या व्यासपीठांवरूनही ऐकतो. आवाजाच्या पातळीवर जरूर बोला. म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे हाल होतात, कायद्याची मर्यादा आहे, ती पाळलीच पाहिजे. गाण्यात बाईची किंमत कमी केली असेल तर त्याविरुद्धही बोला, कडक बोला. पण आवाज आणि आशय यांच्यापलीकडे जाऊन नुसत्या 'दर्जा'ची भाषा सुरू झाली, की ती कोणाची भाषा आहे हे एकदा तपासा. पेटी बाहेर ठेवणाऱ्यांची आणि तवायफेला दारात थांबवणाऱ्यांची ती भाषा आहे.

घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. त्यात सांस्कृतिक जीवनही धरले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. ज्याचे मत मतपेटीत चालते, त्याचे मत गाण्याबद्दलही चालले पाहिजे. चालले पाहिजे म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. त्याच्याशी वाद घालता येतो, पण आधी ते विचारावे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या नियोजनाच्या बैठकीत गाण्यांची यादी वरून देऊ नका. पोरांना, पोरींना, गल्लीतल्या आजींना विचारा की हेच गाणे का. उत्तर ऐका आणि लिहून ठेवा. अनेक घरांत गाणी उतरवलेल्या जुन्या वह्या ट्रंकेत पडलेल्या आहेत. कोणत्या चित्रपटाच्या चालीवर म्हणायचे, हे त्यांत डोक्यावर लिहिलेले असते. त्या वह्या रद्दीत जाण्याआधी गोळा करा, त्यांचे फोटो काढा, ज्यांनी लिहिल्या त्यांना बोलते करा. गीतमालेच्या लाखो पोस्टकार्डांतून आज आपल्या हाती फक्त आकडे उरले आहेत. आपल्या माणसांचे नुसते आकडे उरू नयेत, ती काय म्हणाली तेही उरावे.