शिकाऊ हात आणि जुन्या वस्तु

संग्रहालय म्हटलें म्हणजे काचेचीं कपाटें, मंद उजेड आणि ‘वस्तूंस हात लावूं नये’ ही पाटी, एवढेंच चित्र आपल्यांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पाटी लावणाराची चिंता खोटी नाहीं. फुटलेलें भांडें पुन्हां घडत नाहीं. परंतु ज्यानें वस्तु कधींच हातीं घेतली नाहीं, त्याच्या स्वाधीन उद्यां सारा संग्रह कसा करावा, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत या प्रश्नाचें जें उत्तर निघालें, त्याची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

हार्वर्डचें फॉग कलासंग्रहालय १८९५ सालीं उघडलें. १९०९ मध्यें एडवर्ड फोर्ब्स त्याचे संचालक झाले, आणि १९१५ मध्यें न्यूयॉर्कच्या एका नामांकित पेढीवाल्या घराण्यांतील पॉल सॅक्स त्यांच्या मदतीस आले. फोर्ब्स यांच्या वर्गास विद्यार्थी थट्टेनें ‘अंडीं आणि गिलावा’ म्हणत. इटलीच्या जुन्या चित्रकारांच्या रीति नुसत्या सांगून ते थांबत नसत. विद्यार्थ्यानें अंड्याच्या बलकांत रंग कालवावा, ओल्या गिलाव्यावर स्वतः चित्र काढावें, असा त्यांचा आग्रह असे. हेतु चित्रकार घडविण्याचा नव्हता. एकदां आपल्या हातानें रंग लावून पाहिला, म्हणजे जुन्या चित्रांतील मूळचें काम कोणतें व मागाहून केलेली डागडुजी कोणती, हें ओळखणारी नजर तयार होते.

सॅक्स यांनीं संग्रहालयाच्या कारभाराचाच अभ्यासक्रम काढला व तो १९४८ पर्यंत चालविला. त्यांच्या घरीं विद्यार्थी जमत आणि मूळ वस्तु हातोहात फिरत. टिपण कसें करावें, चित्र कोठें टांगावें, खरेदी करतांना काय पाहावें, येथपासून धनिक विश्वस्तांशीं कसें बोलावें येथपर्यंत सर्व तेथें शिकविलें जाई. १९२९ सालीं न्यूयॉर्कमध्यें आधुनिक कलेचें संग्रहालय निघालें, तेव्हां त्याच्या संचालकपदीं सॅक्स यांच्या शिफारशीनें त्यांचा सत्तावीस वर्षांचा शिष्य आल्फ्रेड बार नेमला गेला.

परंतु हा अभ्यासक्रम मुख्यतः पुढें गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीं होता. पदवीही न मिळालेल्या मुलांनीं काय केलें, ती कथा अधिक रोचक आहे. लिंकन कर्स्टीन, एडवर्ड वॉरबर्ग आणि जॉन वॉकर हे तिघे विशी-बाविशीचे विद्यार्थी. फॉगमध्यें हयात कलावंतांच्या नव्या कामास फारसा वाव नव्हता. १९२८ च्या अखेरीस तिघांनीं समकालीन कलेची संस्था स्थापन केली, आणि विद्यापीठाच्या सहकारी भांडाराच्या इमारतींत दोन खोल्या घेऊन १९२९ च्या फेब्रुवारींत पहिलें प्रदर्शन मांडलें. न्यूयॉर्कचें तें संग्रहालय नोव्हेंबरांत उघडलें, म्हणजे नऊ महिन्यांनीं! कॅल्डरचीं तारेचीं शिल्पें, बकमिन्स्टर फुलरच्या नव्या घराचा नमुना, जर्मनीच्या बाउहाउस शाळेचें काम, हें सारें या खोल्यांत मांडलें गेलें. बाउहाउसचें मोठें प्रदर्शन न्यूयॉर्कनें भरविलें तें १९३८ मध्यें. फोर्ब्स व सॅक्स यांनीं मुलांस अडविलें नाहीं, उलट पाठबळ दिलें. थोरपणा असेल तर तो यांत आहे. वॉकर पुढें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेचा संचालक झाला, आणि कर्स्टीननें बॅलन्चीनबरोबर अमेरिकेंत नृत्यनाट्याची नवी परंपरा उभी केली.

या यशाची दुसरी बाजू लपविणें मात्र इतिहासाशीं प्रतारणा होईल. कर्स्टीन आणि वॉरबर्ग हे श्रीमंतांचे पुत्र होते. प्रयोग फसला असता तरी त्यांची चूल विझणार नव्हती. त्याच फॉगमध्यें १९२८ सालीं अ‍ॅग्नेस मोंगन ही विदुषी कामास लागली. रेखाचित्रांचें तिचें ज्ञान सर्वमान्य होतें. तरी विद्यापीठ स्त्रियांस अभिरक्षकाचें पद देत नसे, म्हणून १९३७ मध्यें तिला ‘रेखाचित्रांची राखणदार’ अशी वेगळी पदवी देण्यांत आली. खरें पद मिळावयास १९४७ साल उजाडलें. १९६९ मध्यें ती संचालक झाली. विश्वास टाकण्याची रीति उत्तम होती. तो कोणावर टाकावयाचा, याचें माप मात्र कोतें होतें.

आज तेथील पदवीपूर्व विद्यार्थी स्वतः अभ्यासलेल्या वस्तूंपुढें उभे राहून प्रेक्षकांस त्या समजावून देतात, आणि २०१४ मध्यें पुन्हां उघडलेल्या इमारतींत अभ्यासासाठीं मागितलेली वस्तु समोर आणून ठेवली जाते. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाहीं. कलकत्ता विद्यापीठानें १९३७ मध्यें आशुतोष संग्रहालय उघडलें. सयाजीराव महाराजांनीं ज्या बडोद्यास संग्रहालय उभारलें, तेथील त्यांच्याच नांवाच्या विद्यापीठांत १९५२ मध्यें संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला. परंतु अशा विभागांत जातो तो ज्यानें हा पेशा आधींच पत्करला आहे तो. पेशा ठरावयाचा असतो तो त्याच्या अगोदरच्या चार वर्षांत. आणि त्या वयाच्या मुलास आम्ही अजून काचेबाहेरूनच वस्तु दाखवितों. एखादें साधें मातीचें खापर त्याच्या हातीं देऊन ‘याचें टिपण कर’ असें सांगण्यास मोठा खर्च लागत नाहीं. त्यास लागतो तो देणाराचा धीर.